ब्रॉड्रिकने लीड्स का सोडले?

इंग्लंडमधल्या लीड्स शहराचा टाउन हॉल पाहून झाला की पाहुणे मला हमखास विचारतात, की हा उभारणारा वास्तुविशारद कथबर्ट ब्रॉड्रिक पन्नाशीच्या आतच सारे सोडून फ्रान्सला का गेला? तुम्हीही विचारलेत, म्हणून माझे मत मांडतो.

१८२१ साली इंग्लंडमधल्याच हल या शहरात जन्मलेल्या ब्रॉड्रिकने तिथल्याच हेन्री लॉकवूड या वास्तुविशारदाकडे उमेदवारी केली आणि मग फ्रान्स-इटलीतल्या इमारती डोळ्यांखालून घातल्या. शेजारच्या ब्रॅडफर्ड शहराने सेंट जॉर्जेस हॉल हे सभागृह बांधायला काढताच लोकरीच्या व्यापारावर श्रीमंत झालेल्या लीड्सला टाउन हॉल हवासा झाला. त्याच्या आराखड्यासाठी १८५२ मध्ये झालेल्या स्पर्धेत पहिला आला ब्रॉड्रिक आणि दुसरे आले लॉकवूड व त्याचा भागीदार मॉसन, म्हणजे शिष्याने गुरूलाच मागे टाकले. एवढ्या तरुण माणसावर विसंबावे की नाही, या शंकेने नगरपालिकेला घेरले, तेव्हा संसदभवन बांधणाऱ्या चार्ल्स बॅरीने त्याच्याविषयी ग्वाही दिली. मनोऱ्यावरून वाद झाले, खर्च फुगला, कंत्राटदाराचे दिवाळे निघाले. तरीही १८५८ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या हस्ते उद्घाटन झाले.

मला मात्र त्याचा धान्यबाजार अधिक श्रेष्ठ वाटतो. १८६३ साली पुरा झालेल्या या लंबवर्तुळाकार इमारतीच्या घुमटात उत्तरेकडे मोठी काच बसवलेली आहे, कारण नमुन्यातला दाणा पारखायचा तर थेट ऊन नको, सम आणि स्थिर प्रकाश हवा. व्यापाऱ्याची गरज इतकी नेमकी ओळखणारा हा माणूस केवळ दिखाऊ खांबांचा शौकीन नव्हता.

परंतु याच सुमारास वाऱ्याची दिशा बदलली. टाउन हॉलपासून हाकेच्या अंतरावर उभ्या राहिलेल्या रुग्णालयाचे काम लंडनच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटकडे गेले आणि त्याने ते गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन टोकदार कमानींच्या शैलीत केले. ब्रॉड्रिकची ओढ मात्र प्रथमपासून रोमन आणि फ्रेंच घडणीकडे होती. समुद्रकाठच्या स्कारबरोचे त्याचे अवाढव्य ग्रँड हॉटेल १८६७ मध्ये उघडले खरे, पण प्रांतिक शहरातल्या वास्तुविशारदाची मोठी कामे बहुधा स्पर्धांतूनच येत, आणि स्पर्धेत अभिरुचीच उलटली की कौशल्य कुचकामी ठरते. म्हणून १८७० च्या सुमारास त्याने पॅरिसची वाट धरली, ती कंटाळून नव्हे, तर हिशेब करून, असे मला वाटते. शिवाय धान्यबाजाराची कल्पनाही त्याने पॅरिसच्याच धान्यबाजारावरून घेतलेली होती, तेव्हा ते शहर त्याला परके नव्हतेच.