तुमचा मुलगा बास्केट का करत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. नाशिकच्या गंगापूर रोडजवळच्या आमच्या सिमेंटच्या बास्केटबॉल कोर्टाबाहेर संध्याकाळी गाडीवर बसलेले आई-बाबा हेच विचारतात, "ताई, पोरगा पळतो तर भरपूर, मग बास्केट का करत नाही? त्याची जागा बदला ना."

तो पॉइंट गार्ड आहे. चेंडू पुढे न्यायचा आणि बाकीच्या चौघांना खेळवायचं, हे त्याचं काम. चेंडू हाती आला की 8 सेकंदांत मधली रेषा ओलांडावी लागते आणि 24 सेकंदांत शॉट घ्यावा लागतो. आमच्याकडे घड्याळ नाही, मी ओरडून मोजते. तुमच्या मुलाने 4 सेकंदांत रेषा ओलांडली तर संघाकडे 20 सेकंद राहतात, 8 लावले तर 16च. त्या जास्तीच्या 4 सेकंदांत उंच पोराला बास्केटखाली जागा धरता येते, एका बाजूला जमलं नाही तर चेंडू दुसऱ्या बाजूला फिरवता येतो. स्कोअरशीटवर मात्र हे 4 सेकंद लिहायला रकाना नाही.

मीही गार्डच होते. एका निवड चाचणीनंतर निवड करणाऱ्यांपैकी एकाने विचारलं, "खेळते चांगली, पण पॉइंट किती?" यादीत माझं नाव आलं नाही. नाशिकरोडहून सीबीएसपर्यंत (मधल्या बसस्थानकापर्यंत) बसच्या खिडकीकडे तोंड करून रडत आले. पुढे बरीच वर्षं ज्या संघाची गार्ड आजारी किंवा परीक्षेला बसलेली, त्या संघाचा निरोप यायचा आणि मी बूट पिशवीत टाकून निघायचे. सिन्नर, देवळाली, जिथून बोलावणं येईल तिथे. पहिल्या दहा मिनिटांत कुणाला चेंडू छातीशी हवा असतो, कुणाला पळता पळता, एवढं ओळखायचं. कोच होण्याचं शिक्षण माझं तिथेच झालं.

म्हणून केव्हिन ऑली हा अमेरिकन गार्ड मला इतका जवळचा. एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक लीग, तिच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याला कुणीच घेतलं नव्हतं. 1997 मध्ये तो त्या लीगमध्ये आला आणि 13 हंगामांत 11 संघांकडून खेळला. कधी फक्त दहा दिवसांचा करार. सामन्यामागे सरासरी 4 पॉइंटसुद्धा नाहीत! तरी दरवर्षी कुणाला तरी तो हवा असायचा. 2009-10 मध्ये, वयाच्या 37व्या वर्षी, तो ओक्लाहोमा सिटीच्या संघात होता. मैदानावर फार वेळ मिळाला नाही, पण आदल्या हंगामात 23 सामने जिंकलेल्या त्या तरुण संघाने त्या वर्षी 50 जिंकले. संघाचं वळण ऑलीने बदललं, असं त्या संघाचा स्टार केव्हिन ड्युरंटने नंतर जाहीरपणे सांगितलं. तेव्हा ड्युरंट 21 वर्षांचा होता आणि लीगमध्ये सर्वाधिक पॉइंट त्याचेच होते. ज्याच्या नावावर सगळे पॉइंट, तोच हे सांगतो. हे मला फार मोठं वाटतं.

मग ऑली आपल्याच कनेटिकट विद्यापीठात साहाय्यक कोच झाला, 2012 मध्ये मुख्य कोच. दुसऱ्याच हंगामात, 2014 मध्ये, आपल्या गटात सातव्या मानांकनाचा त्याचा संघ विद्यापीठांच्या स्पर्धेत राष्ट्रीय विजेता ठरला. अंतिम सामन्यात केंटकीला 60-54 असं हरवलं. त्या सामन्यात कनेटिकटने 10 फ्री थ्रो (फाउलनंतर कुणी न अडवता मिळणारा, एका पॉइंटचा शॉट) घेतले आणि दहाही बास्केटमध्ये गेले. केंटकीने 24 पैकी 11 घालवले. सामन्यातला फरक सहाच पॉइंटचा होता. सराव संपल्यावर, पाय जड झालेले असताना, मी प्रत्येकाला दहा फ्री थ्रो टाकायला लावते, ते त्यामुळेच. तुम्ही गाडी चालू करून हॉर्न देता, तेव्हा तुमचा मुलगा सातव्या-आठव्या फ्री थ्रोवर असतो.

त्याची जागा मी बदलणार नाही. परवाच्या सामन्यात उंच पोराने केलेल्या पाच बास्केटपैकी चार पास तुमच्या मुलाचे होते. रविवारी याल तेव्हा चेंडू त्याच्या हातातून सुटल्यावरही नजर त्याच्यावरच ठेवा. तो कुणाकडे बोट दाखवतो, कुणाला जागा सोडायला सांगतो, ते बघा.