दिवाडीची फुकटातली सहल

बहिणीची पोरं आली की कळंगुटच हवं असतं. यंदा मात्र त्यांना जुन्या गोव्याच्या धक्क्यावर फेरीबोटीत चढवलं. पायी जाणाऱ्याला तिकीटच नाही! मांडवी ओलांडली की दिवाडी बेट.

ओहोटी होती. खारफुटीच्या मुळांपाशी चिखलात निवट्या टुणटुण उड्या मारत होत्या; डोळे थेट डोक्यावर, मासा असून पंखांवर सरपटणं. धाकटा तिथून हलेचना.

पुढे पिएदादची टेकडी. चढताना माझाच भाता झाला.

मग पलीकडच्या फेरीने नार्वे. सप्तकोटेश्वराचं जुनं देऊळ दिवाडीवरच होतं, ते पोर्तुगीजांनी पाडलं आणि देव नदीपलीकडे नार्व्यात आला. नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला. हे ऐकून थोरली म्हणाली, "मामा, देवसुद्धा होडीनेच आला?"

खर्च? चहा आणि पाव-भाजी. शिवाय धाकट्याची चिखलात गेलेली एक चप्पल.