ऑनलाइन पटावरचा रडीचा डाव

ऑनलाइन बुद्धिबळात डाव हातातून गेला की चिडका बिब्बा बहुतेक वेळा तीनपैकी एक गोष्ट करतो: घड्याळ चालू ठेवून गप्प बसतो, चॅटमध्ये शिव्या घालतो, नाहीतर दर दोन खेळ्यांनी बरोबरी मागतो. पुण्यातल्या एखाद्या रविवारच्या स्पर्धेत समोरच्याने असं केलं तर घड्याळ थांबवून पंचांना बोलावता येतं. फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, नियमांत कलम ११.५ त्यासाठीच आहे. प्रतिस्पर्ध्याला कोणत्याही प्रकारे त्रास द्यायचा नाही, आणि उगाच बरोबरी मागत राहणं हाही त्रासच धरलाय. रात्री अकरा वाजता कोथरूडच्या फ्लॅटमध्ये मोबाइलवर खेळताना पंच कुठून आणणार? तेव्हा बंदोबस्त आधीच करून ठेवायचा.

सगळ्यात मोठा बंदोबस्त म्हणजे वेळेची निवड. १५+१० च्या डावात (पंधरा मिनिटं, शिवाय दर खेळीला दहा सेकंदांची भर) समोरच्याकडे साडेनऊ मिनिटं उरली असतील आणि पुढच्या खेळीला मात दिसत असेल, तर तो तुम्हाला साडेनऊ मिनिटं बसवून ठेवू शकतो. ३+२ मध्ये हाच प्रकार फार तर दोन-तीन मिनिटं चालतो. लांब डाव खेळूच नयेत असं नाही, पण जेवायची ताटं वाढलेली असताना १५+१० सुरू करू नये.

घड्याळ अडवून बसणाऱ्याची खरी चाल वेगळीच असते. त्याने हार मानलेली नसते, तो वाट बघत असतो. तुम्ही कंटाळून दुसरं ॲप उघडता, आणि त्याची दहा सेकंद उरली की तो खेळतो. आता घड्याळ तुमचं चालू. म्हणून डाव उघडाच ठेवा, आवाज चालू ठेवा आणि हातात दुसरं काम घ्या. लीचेस या बुद्धिबळाच्या साइटवर समोरचा खरंच निघून गेला असेल, तर थोड्या वेळाने विजय किंवा बरोबरी घ्यायचा पर्याय आपोआप समोर येतो. तो डाव उघडा ठेवून नुसता बसला असेल तर येत नाही. तेव्हा डाव संपल्यावर रिपोर्ट करा, ब्लॉक करा, आणि पुन्हा खेळायचं आमंत्रण आलं तर घेऊ नका.

या वैतागात प्रीमूव्ह (समोरचा खेळायच्या आधीच नोंदवलेली आपली पुढची खेळी) लावून ठेवण्याचा मोह होतो. तो टाळा. समजा, काळ्याचा राजा ए८ वर एकटा उरलाय आणि घाईत तुमचा वजीर बी६ वर जाऊन बसला. राजाला शह नाही आणि जायला घरही नाही. स्टेलमेट, म्हणजे बरोबरी; अर्धा गुण गेला. रड्याला नेमकं हेच हवं असतं.

मात होईपर्यंत खेळत राहणं मात्र रडी नव्हे. डाव सोडायची सक्ती कुठल्याच नियमात नाही. समोरच्याची वेळ संपवून जिंकणं हीसुद्धा रडी नव्हे. ३+० घेतलं म्हणजे शेवटच्या चार सेकंदांत हत्ती इकडून तिकडे फिरवणारा भेटणारच; नको असेल तर इन्क्रिमेंटचा, म्हणजे दर खेळीला सेकंद वाढणारा, डाव घ्या. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली तर चेस डॉट कॉम या दुसऱ्या साइटवर बरोबरी आपोआप होते. लीचेसवर ती आपोआप मागायची की नाही, हे सेटिंगमध्ये ठरवता येतं. तिथे एकदा बघून ठेवा.

चॅटचं सोपं आहे: बंद करा. लीचेसवर संगणकावर खेळत असाल तर झेड दाबून झेन मोड लावता येतो. पट आणि घड्याळ सोडून बाकी पसारा दिसेनासा होतो. मुलं क्लासचा सराव घरून करत असतील तर त्यांच्या खात्यावर किड मोड लावा, म्हणजे निरोप आणि चॅट दोन्ही बंद.

समोरचा इंजिनची, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमची, मदत घेतोय हा संशय ही जरा नाजूक गोष्ट. साइट दाखवते तो एका डावातला अचूकतेचा आकडा काहीच सांगत नाही. समोरच्याने सोप्या ओपनिंगमध्ये (डावाच्या सुरुवातीत) तुमच्या दोन चुका पकडल्या तरी आकडा फुगतो. वेळ बघा. फुकटचा घोडा उचलायलाही सहा सेकंद आणि अवघड बलिदानालाही सहाच सेकंद, असं त्याच्या पाच-सहा डावांत दिसलं तर रिपोर्टमध्ये त्या डावांच्या लिंका आणि खेळ्यांचे क्रमांक द्या. चॅटमध्ये ‘चीटर’ म्हणू नका, तो उलट तुमच्याच खात्यावरचा डाग ठरू शकतो. समोरचा पकडला गेला तर गेलेले रेटिंग गुण परत मिळतात, दोन्ही साइटवर.

आणि अचानक गायब झालेला प्रत्येक जण रड्या नसतो. पहिल्या पावसात वीज जाते, वायफाय बसतं. पुण्याची मेट्रो डिस्ट्रिक्ट कोर्टवरून (आधीचं सिव्हिल कोर्ट) स्वारगेटकडे जमिनीखालून जाताना नेट गेलं तर खेळणारा काय करणार? ज्याच्यासमोर तुम्ही गायब होता, त्यालाही तुम्ही तसेच दिसता. त्या प्रवासात पझल सोडवा, रेटिंगवर परिणाम करणारे रेटेड डाव घरी.