बाबांची काडतुसं

बाबांच्या कपाटात रिव्हॉल्व्हरच्या .३८ स्पेशल काडतुसांची तीन खोकी निघाली. सगळी वापरलेल्या पुंगळ्यांत घरी पुन्हा भरलेली. दोन खोक्यांवर बाबांच्या अक्षरात आत भरलेल्या बंदुकीच्या दारूचं नाव, वजन आणि साल १९९४. तिसरं कोरं.

कोऱ्याचा निकाल लगेच लागला: झाडायची नाहीत. काडतुसाच्या या पितळी पुंगळीत झटपट जळणारी दारू इतकी थोडी लागते की चुकून दुप्पट पडली तरी आरामात मावते, बाहेरून पत्ता लागत नाही. काट्यावर एकेक तोलूनही पाहिलं (हौस!). पण पुंगळ्या आणि गोळ्यांच्याच वजनात तेवढा फरक निघतो. दारू फारच कमी पडली असेल तर गोळी नळीत अडकते, आणि मागून दुसरी झाडली की नळी फुगते, फुटतेसुद्धा.

नाव लिहिलेल्यांत मात्र जीव अडकला. अक्षरामुळेच, दुसरं काय! शेवटी हातोडीसारख्या पुलरने (पुंगळीतून गोळी उपसायचं अवजार) पाच उघडली. चार ठीक. पाचव्यात आंबूस वास, पितळ आतून हिरवट. दारूतला मुख्य घटक, नायट्रोसेल्युलोज, विघटित होऊ लागलं की आम्ल सुटतं.

मग सगळीच उघडली. दारू नेमबाजीच्या रेंजवाल्यांनी विल्हेवाटीसाठी नेली. गोळ्या ठेवल्या. खोक्यांची झाकणंही.