वाफेची हकालपट्टी: मिलानजवळचं एक कॉफी-संग्रहालय

मिलानहून पावियाच्या रस्त्याला लागलं की शहर बघता बघता मागे पडतं आणि खिडकीबाहेर चक्क भातखाचरं सुरू होतात. रिसोत्तोचा तांदूळ कुठून तरी येणारच म्हणा! बिनास्को हे याच रस्त्यावरचं गाव. कॉफीची यंत्रं बनवणाऱ्या चिंबाली कंपनीचा कारखाना इथे आहे. २०१२ साली कंपनीला १०० वर्षं झाली, तेव्हा सुट्या भागांच्या जुन्या गोदामात त्यांनी ‘मुमाक’ हे संग्रहालय थाटलं. मिलानला आलेला माणूस दुओमोचं भलंथोरलं चर्च सोडून इकडे कशाला वळेल? मी वळलो. कॉफीचं वेड, दुसरं काय.

आत शिरल्या शिरल्या दिसतात ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीची उभी यंत्रं. तांब्या-पितळेची, घुमटाची, एखाद्याच्या डोक्यावर पंख पसरलेला गरुड. नक्षीकाम वगळलं तर थेट आपला न्हाणीघरातला बंब! आणि कामही तेच: पाणी तापवायचं.

सुरुवात झाली तुरीनला. आंजेलो मोरिओन्दो हा तिथला हॉटेलमालक. गिऱ्हाईक कॉफीसाठी ताटकळतं, हे त्याचं दुखणं. १८८४च्या तुरीन प्रदर्शनात त्याने वाफेवर चालणारं यंत्र मांडलं, पेटंटही घेतलं, पण ते विकायच्या भानगडीत तो पडला नाही. त्याचं यंत्र कॉफी करायचं ती घाऊक. एकेका कपापुरती कॉफी मुठीच्या गाळणीत दाबून भरायची आणि गाळणी यंत्राला अडकवायची, ही रीत आली मिलानच्या लुइजी बेझ्झेराच्या १९०१च्या पेटंटमधून. ते पेटंट देझिदेरिओ पावोनीने विकत घेतलं आणि १९०६च्या मिलान प्रदर्शनात ‘काफ्फे एस्प्रेसो’ लोकांसमोर आली.

पण त्या कॉफीला आजची एस्प्रेसो म्हणवत नाही. वाफेच्या जोरावर मिळणारा दाब जेमतेम दीड बार (हा बार म्हणजे दाब मोजायचं एकक). वाढवावा, तर पाणी आणखी तापणार आणि कॉफी करपणार. म्हणजे वाफेवर अवलंबून आहात तोवर दाब आणि ताप यांची गाठ सुटत नाही. नुसतं यंत्रांचं सौंदर्य बघत फिरलो असतो तर हे ध्यानातच आलं नसतं. या इतिहासातली खरी झटापट वेगाशी नाही, वाफेशी आहे.

ती गाठ सोडवली आकिल्ले गाज्जाने. हा मिलानमधला बारवाला. १९३८ साली त्याने पहिलं पेटंट घेतलं, मध्ये महायुद्ध झालं, आणि १९४८मध्ये त्याचं दांड्याचं यंत्र बाजारात आलं. दांडा खाली ओढला की आतली स्प्रिंग दबते आणि गरम पाणी कॉफीवर येतं. सोडला की स्प्रिंग दट्ट्याला रेटते आणि पाणी आठ-नऊ बारच्या दाबाने कॉफीतून पार होतं. गाइडबाईंनी दांडा ओढून दाखवला, तेव्हा हनुवटी आपसूक मागे घेतली. हात निसटला तर तो उसळून जबडाच फोडायचा, म्हणाल्या. कपात वर तांबूस साय आली ती या दाबामुळे. लोकांना आधी तो फेस संशयास्पद वाटला, म्हणून गाज्जाने तिलाच ‘क्रेमा काफ्फे’ म्हणून मिरवलं. आणि यंत्राच्या दर्शनी भागावर अभिमानाने लिहिलं: वाफेशिवाय चालतं.

मधली दालनं मी भराभर उरकली. क्रोमची चकाकी आणि रंगीत प्लास्टिक फार वेळ बघवत नाही. थांबलो ते फाएमा कंपनीच्या ई६१ यंत्रापाशी. १९६१ साली इटलीतून खग्रास सूर्यग्रहण दिसलं, त्यावरून हे नाव: ई म्हणजे ‘एक्लिस्से’, ग्रहण. एर्नेस्तो वालेन्तेच्या या यंत्रात नऊ बारचा दाब विजेचा पंप देतो आणि गाळणी जिथे अडकते तो पितळी भाग आतून फिरणाऱ्या गरम पाण्याने सतत तापलेला राहतो. बारवाल्याच्या दंडांना सुट्टी मिळाली. त्या भागाची घडण इतकी जमून गेली की घरगुती यंत्रांवर ती आजही दिसते.

संध्याकाळी मिलानला परतल्यावर एका बारमध्ये काउंटरशी उभा राहिलो. बसलं की दर वाढतो, त्यामुळे सगळेच उभे. बारवाल्याने चोथा ठाकठाक आपटून काढला, ताजी पूड दाबली, बटण दाबलं. अर्ध्या मिनिटात दोन-तीन घोटांची कॉफी समोर. वाफ आली ती शेजारच्याच्या कापुचिनोसाठी, बाजूच्या बारक्या नळीतून, दूध फेसाळायला. यंत्रात तिला उरलेली जागा एवढीच.

आपल्याकडे लग्नाच्या हॉलबाहेर फुस्स करत दूध आणि कॉफी पावडर घुसळणारं, वर चॉकलेटची पूड भुरभुरवणारं जे ‘एक्स्प्रेसो’ यंत्र असतं, ते म्हणजे बंब आणि ही नळी. कॉफीतून दाबाने पाणी जाण्याचा भागच त्यात नाही. इटालियन माणूस ते बघून हबकेल. मी मात्र रिसेप्शनच्या रांगेत आहेर देण्याआधी तिकडेच जातो.