हनुवटीखालचा पट्टा आणि पेटीतले कोट

मी चौदा वर्षांची असताना घोडेस्वारीच्या, म्हणजे घोड्यावरून अडथळे (जम्प) ओलांडायच्या, एका ज्युनियर स्पर्धेत बाद झाले. माझी घोडी राणी त्या दिवशी सुरेख चालली होती. जम्पचा एकही आडवा पोल पडला नव्हता, एकाही जम्पसमोर ती अडली नव्हती. सहाव्या जम्पवरून खाली येताना माझ्या हनुवटीखालचा पट्टा सुटला. मला ते लगेच कळलं, कारण बकल गालावर टकटक आपटायला लागलं. पण सातवी जम्प समोरच होती, राणीच्या ढांगा बरोबर बसत होत्या, थांबलं तर लय मोडेल असं वाटलं. मी सातवी घेतली. उतरते न उतरते तोच घंटा झाली.

बाहेर आल्यावर सरांनी नियम सांगितला, तो आजही तोंडपाठ आहे. पट्टा सुटला किंवा हेल्मेट निघालं तर थांबायचं, नीट बांधायचं आणि मग पुढे जायचं. थांबल्याबद्दल दंड नाही, फक्त घड्याळ चालू राहतं. सुटलेल्या पट्ट्यानं जम्प घेतली, किंवा घ्यायचा नुसता प्रयत्न केला, तरी बाद. थांबणंच धोक्याचं असेल तेवढाच अपवाद. म्हणजे मी थांबले असते तर चार-सहा सेकंद गेले असते, आणि राऊंड पुरा झाला असता.

ते हेल्मेट माझ्या मावसभावाचं होतं. त्यानं दोन वर्षं वापरलेलं, बकलचा दात झिजलेला. घरात कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. शाळेचा गणवेश मोठ्याचा धाकट्याला येतो, तसंच ते आलं होतं.

आता मी पुण्याबाहेरच्या एका रायडिंग स्कूलमध्ये शनिवार-रविवार मुलांना शिकवते. डिसेंबर उजाडला की आपल्याकडे स्पर्धांचे दिवस सुरू होतात आणि आईबाबांचे फोन येतात, ‘ताई, कपड्यांचं काय काय घ्यायचं?’ बहुतेकांच्या मनात पहिल्यांदा कोट असतो, कारण फोटोत कोट दिसतो. मी पहिल्यांदा हेल्मेटवर बोलते आणि बराच वेळ बोलते.

हेल्मेट घोडेस्वारीचंच हवं. ‘बाइकचं चालेल का, आयएसआय मार्कचं आहे’, हा प्रश्न दर वर्षी येतो. नाही चालणार. बाइकचं हेल्मेट डांबरी रस्त्यावरच्या पडण्यासाठी केलेलं असतं. घोड्यावरून पडताना डोकं जमिनीवर आपटतं, जम्पच्या पोलवर आपटतं, कधी घोड्याचा खूर लागतो. स्वारीच्या हेल्मेटची चाचणीच या गोष्टी लक्षात घेऊन होते. आतल्या लेबलवर ईएन १३८४, पीएएस ०१५, व्हीजी१ किंवा एएसटीएम एफ११६३ असं काहीतरी सुरक्षेचं मानक छापलेलं असतं. स्पर्धेच्या माहितीपत्रकात कोणती मानकं चालतात ते बघा आणि लेबल वाचूनच पैसे द्या. नुसती मखमल लावलेली शोभेची टोपी हेल्मेटसारखी दिसते, पण तिच्यात लेबल नसतं.

बसवताना भुवईच्या वर साधारण दोन बोटं जागा राहिली पाहिजे. पट्टा न बांधता मान जोरात हलवायची. हेल्मेट डोक्याबरोबर हललं तर बरोबर, डोक्यावर फिरलं तर सैल. आणि केसांचं विसरू नका. आपल्या मुलींचे केस लांब, दाट. दुकानात केस मोकळे सोडून हेल्मेट घेतात आणि स्पर्धेला अंबाडा बांधून येतात, मग ते वर चढतं आणि भुवया उघड्या पडतात. ज्या केसांनी जम्प करणार, त्याच केसांनी माप घ्या. मी मुलींना मानेजवळ खाली वेणीची घडी घालून वर जाळी लावायला सांगते. त्या दिवशी केसांना तेल नको, आतलं अस्तर निसटतं.

एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाद, मग बाहेरून ओरखडाही नसो. आतला फोम एकदाच दबतो आणि धक्का घेतो. दुसऱ्यांदा तो तिथे नसतोच. म्हणून कोट मागून घ्या, बूट मागून घ्या, ब्रीचेस (स्वारीच्या विजारी) मागून घ्या. हेल्मेट मात्र नवं घ्या, आणि पैसे कमी पडत असतील तर बाकी सगळं पुढच्या वर्षावर टाका.

बुटांचं तसं सोपं आहे. टाच हवी, साधारण इंचभर, आणि तळवा बऱ्यापैकी गुळगुळीत हवा. टाच नसेल तर पाय रिकिबीतून, म्हणजे खोगिराच्या पाय ठेवायच्या कडीतून, आरपार घुसतो, आणि पडताना पाय अडकून घोड्याबरोबर फरपटत जाणं याहून भयंकर काही नाही. स्पोर्ट्स शूज घालून आलेल्या मुलाला मी सरावालाही बसू देत नाही. बारा-तेरा वर्षांपर्यंत घोट्यापर्यंतचे जोधपुरी बूट पुरतात. मुलांचे पाय दर वर्षी वाढतात, गुडघ्यापर्यंतचे बूट शिवून घेणं परवडत नाही. त्यापेक्षा स्वस्त सोय म्हणजे घोट्याच्या बुटांवर पोटरीभोवती बांधायचे चामड्याचे हाफ चॅप्स. खालच्या गटांत ते चालतात का, एवढं आयोजकांना आधी विचारा.

उंच बूट घेण्याची वेळ आली की एक गोष्ट ऐका. नवे बूट गुडघ्यामागे टोचले पाहिजेत. चामडं घोट्याशी चुण्या घेतं आणि बूट इंचभर तरी खाली बसतो. दुकानात अगदी आरामात बसलेला बूट दोन महिन्यांनी आखूड दिसतो. कानपूरचं चामडं आणि तिथलं खोगिराचं काम जगभर जातं, त्यामुळे आपल्याला चांगले बूट परदेशातून मागवायची गरज नाही. पण ते स्पर्धेच्या आठवडाभर आधी घेऊ नका. पहिल्या दहा-बारा दिवसांत टाचेला फोड येतात. आमच्याकडे एकीनं नवे बूट थेट स्पर्धेलाच घातले. पोटरीची पकड तिला अजिबात लागेना, आणि एरवी झोपेतही उडी मारणारा घोडा दुसऱ्याच जम्पसमोर थांबला. पायातून त्याला काहीच कळत नव्हतं. घोड्याशी बोलायचं ते पोटरीनं.

जोधपूरचं नाव या पोशाखात उगाच नाही. जोधपूरचे सर प्रताप सिंह १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवाला लंडनला गेले, आणि मांडीला सैल, पोटरीला घट्ट असा त्यांचा पायजमा तिथल्या लोकांच्या डोळ्यांत भरला. आज जगभरची लहान मुलं पोनीवर बसताना घालतात त्या विजारीला ‘जोधपूर्स’च म्हणतात. मुलांना मी हे मुद्दाम सांगते. हा खेळ परक्यांचा, आपण पाहुणे, असं त्यांना वाटता कामा नये.

उंच बुटांत घालायच्या त्या ब्रीचेस, पोटरीवर संपणाऱ्या. आंतरराष्ट्रीय नियमात पांढऱ्या किंवा फिकट बदामी चालतात. गुडघ्याच्या आतल्या बाजूला चामड्याचा किंवा सिलिकॉनचा तुकडा असेल तर पकड चांगली बसते. पांढऱ्या ब्रीचेसखाली पांढरी अंतर्वस्त्रं घालू नका, ती उठून दिसतात. त्वचेच्या रंगाची, शिवण नसलेली घाला.

इथे मुलींशी आणि त्यांच्या आयांशी मोकळेपणानं बोलते. गेल्या हिवाळ्यात एका मुलीनं पोटात दुखतंय म्हणून सकाळी नाव मागे घेतलं. संध्याकाळी तिनं मला खरं सांगितलं. पाळी आली होती आणि पांढऱ्या ब्रीचेसची भीती वाटली. वर्षभर ती त्या एका राऊंडसाठी पहाटे साडेपाचला तबेल्यात येत होती. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त याचं, की मी तिच्याशी आधी कधीच हे बोलले नव्हते. आता बोलते. बदामी रंग घ्या. पिरियड पँटी मिळतात, त्या वापरून बघा, पण सरावाला आधी. आत जायच्या शेवटच्या मिनिटापर्यंत वरून गडद ट्रॅकपँट ठेवा. एक जास्तीची ब्रीचेस पिशवीत असू द्या. आमच्या खरारा-ब्रशच्या खोक्यात आता पॅड असतात, आणि घोड्यांची देखभाल करणाऱ्या आमच्या सईसमामांनीच एकदा ते संपलेले बघून मला न सांगता नवं पाकीट आणून ठेवलं.

शर्टाला पांढरी कॉलर हवी. बाही आखूड किंवा लांब, पण बाही हवीच. गळ्यात पांढरा टाय किंवा मुलींसाठी चोकर, म्हणजे गळ्याशी बसणारी कापडी पट्टी. जम्पचा रस्ता पायी बघायला आत जातानाही हा पोशाख लागतो हे पुष्कळांना माहीत नसतं. तेव्हा कोट नसला तरी चालतो, पण बूट, ब्रीचेस, शर्ट आणि टाय हवेत. स्वेटशर्ट घालून आत शिरू नका.

आता कोट. ऑलिम्पिकमध्ये १९५२ पर्यंत या खेळात जवळजवळ सगळे लष्करी अधिकारीच असायचे. गणवेशाची ती शिस्त पोशाखात उरली. सैन्य आणि पोलिसांतले स्वार आजही गणवेश घालून उतरू शकतात, फक्त डोक्यावर हेल्मेट हवं. बायकांना ऑलिम्पिकच्या जम्पिंगमध्ये पहिल्यांदा १९५६ मध्ये उतरता आलं. ते ऑलिम्पिक मेलबर्नचं, पण घोड्यांच्या विलगीकरणाच्या कडक नियमांमुळे अश्वस्पर्धा स्टॉकहोमला झाल्या. तिथे पॅट स्मायद ब्रिटनच्या संघातून उतरल्या आणि संघाला कांस्यपदक मिळालं. तेव्हापासून बाई आणि पुरुष एकाच स्पर्धेत, एकाच उंचीवर, एकाच नियमात खेळतात. असे खेळ फार थोडे. माझ्या मुली कोटाची बटणं लावतात तेव्हा मला हे दर वेळी आठवतं.

कोट घेताना आरशासमोर ताठ उभं राहून बघू नका. रिकिबीत उभं राहिल्यासारखे गुडघे वाका, हात पुढे घोड्याच्या मानेवर नेल्यासारखे करा. पाठीत ताण बसला, बाही मनगटावरून चार बोटं वर गेली, तर तो कोट जम्पवर तुमचे हात मागे ओढणार, म्हणजे घोड्याच्या तोंडाला झटका बसणार. ताणणाऱ्या, हवा खेळणाऱ्या कापडाचे कोट आता सर्रास मिळतात, ते लोकरीच्या कोटापेक्षा आपल्या हवेला शंभर पटीनं बरे. महालक्ष्मी रेसकोर्सवर सकाळी अकरानंतर दमट हवेत जाड कोट घालणं म्हणजे शिक्षा आहे. उकाडा फार असला तर पंच (ज्युरी) कोट काढायची परवानगी देतात. ती ध्वनिक्षेपकावर जाहीर होते. जाहीर झाल्याशिवाय काढायचा नाही.

माझ्या घरी एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात मुलांना लहान झालेले अकरा कोट आहेत. मी ते मागून घेते, धुवून घेते, उसवलेलं शिवते आणि पुढच्या मुलाला देते. त्यातला एक गडद निळा, उजव्या कोपरावर विरलेला. तिथे आतून मी त्याच रंगाचा तुकडा लावलाय. कॉलरच्या आत कापडी पट्टी आहे आणि तिच्यावर प्रत्येक मुलानं स्वतःचं नाव घातलंय. पहिलं लाल दोऱ्यानं शिवलेलं, दुसरं बॉलपेननं लिहिलेलं आणि धुऊन पुसट झालेलं, तिसरं इंग्रजीत, चौथं मोठ्या ठसठशीत देवनागरीत. पाचव्याला जागा कमी उरली म्हणून त्यानं फक्त आद्याक्षरं घातली. या कोटानं किती तरी स्पर्धा पाहिल्या आहेत, आणि दुसऱ्याचा कोट म्हणून आजवर कुणाचा एकही गुण कापला गेला नाही. जे आईबाबा संकोचून विचारतात, त्यांना मी घरी बोलावते आणि पेटी उघडून देते.

पाठ आणि छातीसाठी बॉडी प्रोटेक्टर किंवा हवेचा व्हेस्ट घेता आला तर जरूर घ्या. व्हेस्टची दोरी खोगिराला अडकवलेली असते. पडताना ती खेचली जाते, गॅसची नळी फुटते आणि व्हेस्ट क्षणात फुगतो. उतरताना दोरी आधी सोडायची, हे अंगवळणी पडेपर्यंत घोकून घ्या, कारण तो धाडकन आवाज घोड्याच्या कानाशी होतो. वर कोट घालणार असाल तर फुगायला जागा आहे ना ते बघा. हातमोजे घाला, घामानं लगाम सुटतो. कानात लोंबतं काही नको, बोटात अंगठी नको, गळ्यातली साखळी घरी. जम्पिंगमध्ये चाबूक ७५ सेंमीपेक्षा लांब चालत नाही. स्पर्स लहान मुलांना मी देतच नाही, ज्याचा पाय स्थिर नाही त्याच्या टाचेला लोखंड बांधणं हा घोड्यावर अन्याय आहे.

आणि यातलं काहीही स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा घालायचं नाही. आदल्या रविवारी मी सगळ्यांना पूर्ण पोशाखात बोलावते, कोट, टाय, मोजे, सगळं, आणि पाच-सहा जम्प घ्यायला लावते. कुठे टोचतं, कुठलं बटण सुटतं, ते तिथे कळतं. एका घोड्याला तर कोटाच्या टोकांची फडफडच सहन होत नव्हती, तेही तिथेच कळलं.

स्पर्धेच्या सकाळी सईसमामा फडक्यानं बुटांवरची माती पुसतात, रिकिबीचा तळवाही पुसतात. मी घोड्याच्या डाव्या बाजूला उभी राहते आणि मुलाच्या हनुवटीखाली एक बोट घालून बघते. एकच बोट शिरलं पाहिजे. मग बकल ओढून बघते, जोरात, दोनदा. मुलं म्हणतात, ‘ताई, गळा आवळतोय.’ मी म्हणते, ‘तोंड उघड.’ तोंड उघडल्यावर हेल्मेट डोक्यावर खाली ओढलं गेलं की मी हात काढते, आणि फाटकावरचा माणूस दोरी बाजूला घेतो.