बाराशे बाय हजार, पण फोर्क कुठून?

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या आमच्या डिस्पॅचला त्या दिवशी 40 फुटी हायक्यूब, म्हणजे जास्त उंचीचा, कंटेनर लागला होता. माल म्हणजे विजेच्या मीटरचे 400 बॉक्स, 20 पॅलेटांवर (फोर्कलिफ्टनं माल उचलायच्या लाकडी चौकटी), न्हावा शेवामार्गे हॅम्बर्गला. दुपारी अडीचला 18 पॅलेटं आत, 2 डॉकवर, आणि कंटेनर भरलेला.

"साहेब, आडवं लावा म्हणता, पण फोर्क घालू कुठून?" फोर्कलिफ्टवाले मामा खाली उतरून पॅलेटच्या लांब बाजूकडे बोट दाखवत होते. फोर्कचे दांडे जायला तिथं फट नव्हतीच. सलग रनर, म्हणजे खालचा आडवा लाकडी दांडा होता.

लोडिंग प्लॅन बरोबर होता. कंटेनरची आतली लांबी साधारण 12,030 मिलिमीटर, रुंदी 2,350. 1200 × 1000 ची दोन पॅलेटं 1200 ची बाजू रुंदीत घेऊन शेजारी ठेवली तर 2,400 होतात, बसत नाहीत. म्हणून एक रांग उभी, एक आडवी. उभ्या रांगेत 1200 ची बाजू लांबीकडे, त्यात 9. आडव्या रांगेत 1000 ची बाजू लांबीकडे, त्यात 11. रुंदीत 1000 आणि 1200, मिळून 2,200. पण आडव्या रांगेसाठी फोर्क 1200 च्या बाजूने जावा लागतो, आणि या खेपेची पॅलेटं दुतर्फी, म्हणजे दोनच बाजूंनी फोर्क जाणारी निघाली. 1200 लांबीचे तीन रनर, त्यावर फळ्या, फोर्क फक्त 1000 च्या तोंडाने. मग दुसरी रांगही उभीच लागली. 9 आणि 9.

दहावं कागदावर बसतं, 12,000 च होतात. प्रत्यक्षात स्ट्रेच फिल्म, बॉक्सची फुगलेली कड आणि चालवणाऱ्याचा अंदाज मिळून दर पॅलेटमागे 15 ते 20 मिलिमीटर जातात. दाराशी टेप लावली, तर 1,060 उरले होते.

पुरवठादाराला बोल लावण्यात अर्थ नव्हता. पीओत (खरेदी ऑर्डरमध्ये) आम्हीच लिहिलं होतं: लाकडी पॅलेट, 1200 × 1000, एचटी शिक्क्यासह, म्हणजे लाकूड तापवून घेतल्याच्या खुणेसह. त्यानं तेच दिलं. आधीच्या खेपांना तो ठोकळ्यांचं, चारही बाजूंनी फोर्क जाणारं पॅलेट देत होता, म्हणून कुणाच्या डोक्यात आलं नाही. 'स्टँडर्ड साईझ' हा शब्द इथंच फसवतो. माप जुळलं की पॅलेट जुळलं असं सगळे धरून चालतात.

दोन पॅलेटं मागे ठेवणं हा सोपा मार्ग वाटतो, पण शिपिंग बिलावर, म्हणजे निर्यातीच्या कस्टम्स कागदावर, 20 नग होते. नग बदलले की दुरुस्ती, आणि उरलेल्या दोनांची वेगळी पाठवणी. म्हणून मागच्या शेडमध्ये गेलो, जिथं आयात मालाची रिकामी पॅलेटं पडून असतात.

त्या शेडमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचं सगळं दुखणं एका नजरेत दिसतं. जपानकडून आलेलं 1100 × 1100, युरोपातलं 1200 × 800, अमेरिकेतलं 1219 × 1016. पॅलेटांच्या मापांच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ 6780 मध्ये, एक नव्हे, सहा मापं मान्य आहेत, कारण प्रत्येक प्रदेशानं आपले ट्रक, दारं आणि रॅक आधी ठरवले. अमेरिकेचं माप तर किराणा मालाच्या व्यापारातून रुळलेलं. आपला उद्योग दुसऱ्यांच्या पॅलेटवर बसलेला प्रवासी आहे, त्यामुळे 'सगळ्या इलेक्ट्रॉनिक्सला एकच पॅलेट' हे ऐकायला छान वाटतं, पण माझा त्यावर फारसा भरवसा नाही. बॉक्सचं माप एक करणं जास्त हाताशी आहे. आमचा बॉक्स 600 × 400 चा. 1200 × 1000 वर एका थरात बरोबर 5 बसतात, 1200 × 800 वर बरोबर 4. 1100 × 1100 वर चक्राकार 4 लावावे लागतात, मध्ये 200 × 200 चं भोक राहतं आणि कडेनं जागा वाया जाते.

दाराशी दोन जपानी पॅलेटं शेजारी लावायचा मोह झाला. रुंदीत 2,200, छान. लांबीत हवे 1,100, होते 1,060.

मग युरो, म्हणजे ते युरोपातलं 1200 × 800. आडवं लावलं की ते लांबीत फक्त 800 घेतं. एका रांगेतली शेवटची दोन पॅलेटं बाहेर काढली, तिथं राहिली 7, म्हणजे 8,400. त्यापुढं 4 युरो, 3,200. एकूण 11,600, फटींसकट साधारण 11,800. बसलं. बाहेरची दोन आणि काढलेली दोन, अशा चारच पॅलेटांचा माल हलवायचा होता, म्हणजे 80 बॉक्स. पाचाचे 4 थर होते, ते चाराचे 5 झाले. बॉक्स 14 किलोचा, म्हणजे तळातल्यावर 42 ऐवजी 56 किलो. बॉक्सवर पाच थरांची मर्यादा छापलेली होती, म्हणून चाललं. पहिले चार थर कोपऱ्यावर कोपरा ठेवून उभे रचले, पट्टी मारली, फिल्म तळाच्या ठोकळ्यापर्यंत घेतली. बॉक्सची ताकद कोपऱ्यांत असते, विटांसारखी रचना केली की ती निम्म्यावर येऊ शकते.

चार युरो निवडायला पाच उचलावी लागली. एकाची फळी बदललेली होती आणि नव्या फळीवर शिक्का नव्हता. एचटी शिक्क्यासाठी आयएसपीएम 15 प्रमाणे, म्हणजे लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे, लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर सलग 30 मिनिटं तापलेलं असावं लागतं. शिक्क्याचं पॅलेट पुन्हा वापरता येतं, पण दुरुस्तीचं लाकूडही तापवलेलं आणि शिक्क्याचं हवं.

पहिलं युरो आत नेताना पुढच्या पॅलेटची कड उचलली गेली. फोर्क 1070 चे, पॅलेट खोलीला 800, म्हणजे टोकं 270 पुढं निघतात आणि शेजाऱ्याच्या खाली शिरतात. मामांनी फोर्कवर 780 वर लाल टेप चिकटवली, तिथपर्यंतच घातलं, खाली ठेवलं आणि शेवटचं थोडं टोकांनी ढकललं.

दुसऱ्या रांगेच्या टोकाला 1,060 ची पोकळी राहिली. तिथं आधाराला कुणी साधा बल्ली-फाळका आणला, तो परत पाठवला, कारण आधाराच्या लाकडालाही तोच नियम लागतो. प्लायवूड आणि हवेच्या पिशव्या लावल्या. पॅकिंग लिस्टमध्ये चार पॅलेटांची मापं आणि वजनं बदलली, नग 20 च राहिले. वजनकाटा करून गाडी सातच्या सुमारास कसाऱ्याकडे निघाली.

पीओची ओळ आता लांब आहे: 1200 × 1000, चारतर्फी, 9 ठोकळे, उंची 144, फोर्कची फट किमान 100, ओलावा 20 टक्क्यांच्या आत, शिक्का दोन समोरासमोरच्या बाजूंना. इनवर्डला, म्हणजे माल आत घेताना, प्रत्येक लॉटमधल्या एका पॅलेटमध्ये दोन्ही बाजूंनी फोर्क घालून पाहतो. पहिल्याच लॉटमध्ये फट 90 ची निघाली. हँड पॅलेट ट्रक खाली असताना 85 चा असतो, तो जात होता, पण फरशीच्या सांध्यावर घासून अडकत होता. लॉट परत गेला.